मिरचीला ऊन, बाळाला अंधार

आमच्या खानदेशातल्या दोंडाईच्यात उन्हाची कदर मिरचीला झाली, तेवढी तान्ह्या बाळाला कधी झाली नाही. हंगामात मिरची वाळवायच्या पथाऱ्या लालभडक, देठ खुडायला बसलेल्या बाया, आणि कडेच्या निंबाला बांधलेल्या झोळीत कुणाचं तरी लेकरू. हे मजुराचं. व्यापाऱ्याच्या घरचं बाळ मात्र सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत: दाराला गोधडी, खाटेखाली शेगडी, ओवा-बाळंतशोपांची धुरी. आमची आजी खिडकीची फट उघडू द्यायची नाही. “पोऱ्याले वारा लागी जाई!”

या दोन लेकरांतला फरक आमच्या शेजारच्या जिल्ह्यातच अभ्यासला गेला होता. 1922 साली हचिसन आणि शाह या संशोधकांनी नाशिककडची पाहणी छापली. पडद्यात राहणाऱ्या सुखवस्तू घरांत मुडदूस दिसे. अर्धपोटी, पण दिवसभर बाहेर राबणाऱ्यांच्या मुलांत तो फारसा नसे. त्याआधी 1919 मध्ये बर्लिनच्या डॉ. हुल्डशिन्स्कींनी मुडदूस झालेली मुलं नुसत्या अतिनील दिव्याखाली बरी करून दाखवली होती. तूपरोटी खाणाऱ्या घरातच हाडं वाकतात, हे मात्र आमच्या आज्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी हाकलून दिलं असतं.

मी आरोग्यसेविका झाले तेव्हा पडदे गेले होते. तेल चोळून बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायचं, हे मीही सांगत फिरले. आमच्या शिक्षणात तेच होतं. ऊब मिळते, आईलाही बरं वाटतं. पण मुडदूस टाळणारं ड जीवनसत्त्व अंगात बनवणारे अतिनील किरण तिरप्या उन्हात हवेतच अडतात. ते पोचतात दहा ते तीनच्या दरम्यान. आणि वैशाखात दुपारच्या उन्हात तान्हं लेकरू धरा, असं खानदेशात कोण सांगेल?

राहिलं दूध. आईच्या लिटरभर दुधात ड जीवनसत्त्वाची साधारण शंभर एककंही (IU) नसतात, आईच स्वतः उन्हापासून लांब असेल तर आणखी कमी. “मग माझं दूध पुरत नाही का?” हा प्रश्न सुनांपेक्षा सासवाच जास्त विचारतात. दूध पुरतं, बाई. सहा महिने दुसरं काही नको. ड तेवढं वेगळं द्यायचं. 2017 साली भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शिका काढली, पुण्याच्या डॉ. अनुराधा खाडिलकर तिच्या लेखकांत आहेत. तिच्यात वर्षाच्या आतल्या बाळांना रोज 400 एककं सांगितली आहेत.

बाटल्या मात्र दोन तऱ्हेच्या मिळतात, मिलिलिटरला 400 आणि 800 एककांच्या. ड्रॉपर भरण्याआधी लेबल वाचा.