उतारा अजून जुन्याच नावावर: बूट मेन्यूतली उरलेली ओळ

बिबवेवाडीतून, पंखा बंद करून रेकॉर्ड करतोय, कारण मागच्या भागात माझ्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू आला अशी तक्रार होती. आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. कमांड ऐकून टाइप करणं जमत नाही, म्हणून खाली त्या अक्षरशः सांगितल्यात.

सुरुवात ३० मार्चपासून करतो. माझे बाबा मार्केट यार्डात गूळ-भुसार विभागातल्या एका गाळ्यावर दिवाणजी आहेत. वर्षअखेर, हिशोब जुळवायचे, दोन शेतकरी पट्टीसाठी थांबलेले. आणि सकाळी पावणेदहाला बाबांचा फोन: "अरे, लॅपटॉप उघडेना. काळा पडदा आलाय. जी, आर, यू, बी असं काहीतरी लिहिलंय आणि पुढे नुसतं लुकलुकतंय."

मी स्टँड-अप मीटिंगमध्ये होतो. पोटात गोळा आला, कारण तो लॅपटॉप माझा होता. बीटेकला असताना त्यावर विंडोज आणि उबंटू दोन्ही होतं. बाबांना देताना मी उबंटूचं पार्टिशन उडवलं, विंडोज नव्याने टाकली आणि "आता एकदम कोरा आहे" असं छातीठोकपणे सांगितलं. आठ महिने चाललाही. मग कधीतरी फर्मवेअरचं अपडेट आलं, बूटचा क्रम बदलला, आणि जे उबंटू अस्तित्वातच नव्हतं ते रांगेत पहिलं जाऊन उभं राहिलं.

फोनवरच म्हटलं, "बाबा, बंद करून चालू करा आणि एफ-१२ दाबत राहा. यादी येईल, त्यात विंडोज बूट मॅनेजर निवडा." चालू झाला. डेटा जागेवर होता. पण बाबांच्या आवाजात जे होतं ते ऐकायला बरं वाटलं नाही. गाळा मालकाचा, हिशोब मालकाचा, आणि मशीन पोराने दिलेलं.

रात्री घरी आल्यावर त्यांनी साधा प्रश्न विचारला. "तू तर पुसलं होतंस ना? मग नाव कुठून आलं?"

प्रश्न बरोबर होता. मीसुद्धा नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून शोधत मागे गेलो, पार जुन्या मशीनपर्यंत.

आधी 'बूट' हा शब्द. तो आला 'बूटस्ट्रॅप'वरून, म्हणजे बुटाचा मागचा पट्टा. स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःलाच वर उचलायचं. आपण म्हणू, स्वतःच्याच खांद्यावर चढून बसायचं. कॉम्प्युटरची अडचण तीच: प्रोग्रॅम मेमरीत आणायला प्रोग्रॅम लागतो, मग पहिला कोण आणणार? सुरुवातीला हे काम माणूस करायचा. १९७५ च्या अल्टेअर ८८०० ला तर समोरच्या पट्टीवरचे स्विच वर-खाली करून पहिला छोटा प्रोग्रॅम हाताने भरावा लागे. आपल्याकडे मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६० मध्ये पूर्ण झालेल्या टिफ्रॅकलाही प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून द्यायचे. अशा मशीनवर काय चालवायचं याची यादी मशीनकडे नसायची, ती माणसाच्या हातात असायची. पट्टी बाजूला ठेवली की विषय संपला.

पुण्याचं उदाहरण मला त्याहून आवडतं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची, आणि १९९१ मध्ये त्यांनी परम ८००० उभा केला. अमेरिकेने क्रे द्यायला नकार दिला वगैरे गोष्ट तुम्ही शाळेपासून ऐकली असेल, ती सोडून देतो. त्यात जी चिप होती, आयएनएमओएस कंपनीची ट्रान्सप्युटर, तिच्यात एक मजेशीर सोय होती. चिपच्या एका पायावर ठरवता यायचं की रॉममधून सुरू व्हायचं की शेजाऱ्याकडून. शेजाऱ्याकडून म्हणजे खरंच शेजाऱ्याकडून: जोडलेल्या तारेवरून पहिला बाइट येतो, तो सांगतो पुढे किती बाइटचा प्रोग्रॅम येतोय, मग तो येतो आणि चिप चालू होते. अशा रीतीने जागी झालेली चिप कालचं काही लक्षातच ठेवत नाही. तिथे जुनी ओळ उरायला जागाच नाही.

पीसीने हे बदललं. आयबीएम पीसी १९८१ चा. १९८३ मध्ये हार्ड डिस्क आणि डॉस २.० आले, आणि डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये सगळा संसार बसवला गेला: ४४६ बाइट सुरू करण्याचा प्रोग्रॅम, ६४ बाइट चार पार्टिशनची नोंद आणि शेवटी २ बाइटची खूण. हाच मास्टर बूट रेकॉर्ड. लिनक्सवाल्यांनी १९९२ पासून लिलो आणि पुढे ग्रब याच जागेत घुसवले.

त्या काळात तक्रार उलटी होती. विंडोज पुन्हा टाकली की ती पहिल्या सेक्टरवर स्वतःचा प्रोग्रॅम लिहायची आणि लिनक्स डिस्कवर असूनही मेन्यूतून गायब व्हायचं. त्यामानाने उरलेली ओळ क्वचितच दिसायची, आणि दिसली ती विंडोजचीच. एक्सपी फॉरमॅट न करता दुसऱ्या फोल्डरात टाकली की सुरू होताना सारख्याच नावाच्या दोन ओळी यायच्या. ती यादी बूट डॉट आयएनआय नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असायची. नोटपॅडने उघडा, ओळ काढा, झालं. २००७ मध्ये व्हिस्टाने ती फाइल काढून बीसीडी नावाचा बायनरी साठा आणला, नोटपॅडचे दिवस संपले. पण तो साठाही डिस्कवरच. सगळी डिस्क पुसली की ओळ गेली.

आता खरी गंमत. नव्वदच्या दशकात इंटेल आणि एचपी इटॅनियम नावाच्या मोठ्या सर्व्हर प्रोसेसरवर काम करत होते. जुनं बायोस १६-बिटचं, एक मेगाबाइट मेमरीच्या चौकटीतलं. त्यावर हे चालणार नव्हतं. म्हणून ईएफआय आलं. २००५ मध्ये ते अनेक कंपन्यांच्या मंचाकडे गेलं आणि यूईएफआय झालं. इटॅनियमचं पुढे फारसं काही झालं नाही, पण त्याच्यासाठी बनवलेली ही पद्धत २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर घराघरातल्या लॅपटॉपमध्ये शिरली. (गाडी विकली गेली नाही, हॉर्न मात्र सगळ्यांनी घेतला.)

या पद्धतीत यादी डिस्कवरून उठून मदरबोर्डवरच्या चिपमध्ये गेली. प्रत्येक ओळीत एक नाव, कोणत्या पार्टिशनवर जायचं आणि कोणती फाइल चालवायची, एवढं असतं. क्रमाची नोंद वेगळी. ती फाइल बसते एका छोट्या ईएफआय पार्टिशनवर, जे विंडोज आणि लिनक्स दोघं मिळून वापरतात. मी उबंटूचं मोठं पार्टिशन उडवलं होतं. चिपमधली ओळ आणि छोट्या पार्टिशनवरचं उबंटूचं फोल्डर, दोन्ही तशीच होती. म्हणून ग्रब सुरू झाला, आपलं घर शोधलं, सापडलं नाही आणि लुकलुकत बसला.

हे बाबांना सांगितलं तर ते एका वाक्यात म्हणाले, "म्हणजे जमीन गेली पण फेरफार झाला नाही. सातबाऱ्यावर नाव जुनंच."

मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं.

आता काढायचं कसं. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, आणि बॅकअप घ्या. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. टाइप करा: बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश, एनम, स्पेस, फर्मवेअर. यादीत 'उबंटू' असं वर्णन असलेला भाग शोधा. त्याच्या वर महिरपी कंसात लांबलचक ओळखक्रमांक असतो. तो कॉपी करा. मग: बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश, डिलीट, स्पेस आणि तो क्रमांक, कंसांसकट. विंडोज बूट मॅनेजरच्या क्रमांकाला हात लावू नका, दोनदा वाचून मगच एंटर. लिनक्समधून करायचं असेल तर ईएफआयबूटएमजीआर नुसतं चालवलं की यादी दिसते. मग डॅश स्मॉल बी, ओळीचा चार अंकी क्रमांक आणि डॅश कॅपिटल बी.

मी इथवर केलं, रीस्टार्ट केलं, आणि उबंटू परत हजर! काही फर्मवेअर ईएफआय पार्टिशन चाळतात आणि ओळखीचं फोल्डर दिसलं की ओळ पुन्हा लिहितात. म्हणून दुसरी पायरी: माउंटव्हॉल, स्पेस, एस कोलन, स्पेस, स्लॅश एस. छोटं पार्टिशन एस ड्राइव्ह म्हणून दिसतं. त्यातल्या ईएफआय फोल्डरमधलं फक्त उबंटू फोल्डर उडवा. शेजारी मायक्रोसॉफ्ट आणि बूट अशी फोल्डर असतात, ती तशीच राहू द्या. मग ओळ पुन्हा काढा. यावेळी गेली ती गेली.

यूट्यूबवर कोणी 'चिपमधलं सगळंच साफ करा' म्हणालं तर ऐकू नका. २०१३ च्या सुरुवातीला सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू करताना कायमचे बंद पडले होते. आणि लिनक्समध्ये या नोंदी फाइलसारख्या दिसतात, त्यामुळे पूर्ण सिस्टिम पुसायच्या कमांडबरोबर त्याही पुसल्या जाऊन मदरबोर्ड गेल्याची उदाहरणं झाली. २०१६ मध्ये कर्नल ४.५ पासून त्या फाइलींना कुलूप लावलं गेलं.

हे सगळं मी केलं एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी. म्हणजे तीन आठवडे उशिरा. ३० मार्चला यादीतून विंडोज निवडून चालू झालं म्हणून मी 'बघू नंतर' म्हटलं होतं. रविवारी लॅपटॉपचं झाकण उघडलं तर आत कीबोर्डच्या खाली पट्टीबुकातला कागद चिकटवलेला, बाबांच्या अक्षरात: "चालू करताना एफ-१२. मग दुसरी ओळ. घाई करू नये." तीन आठवडे रोज सकाळी ते हेच करत होते आणि मला एकदाही बोलले नाहीत.

ओळ काढून झाल्यावर मी कागद काढायला गेलो. बाबा म्हणाले, "राहू दे रे, असू दे."