काव, चुना आणि कंपास : गोव्याच्या देवळांतील कावी नक्षीविषयी

१९९६ सालची गोष्ट. मी तेव्हा नुकताच स्वतंत्रपणे कामं घेऊ लागलेला सिव्हिल इंजिनिअर. आमच्या भागातल्या एका देवळाच्या समितीने सभामंडपाच्या भिंती पाहायला बोलावलं. गिलावा जागोजाग सुटला होता, खाली चुन्याची भुकटी पडत होती. मी हातोडीने दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिलं, पोकळ आवाज आला, आणि तिथेच वहीत लिहिलं : जुना गिलावा पूर्ण खरवडणे, एकास चार सिमेंट गिलावा, वर सिमेंटचा रंग. महिन्याभरात काम झालं. शेवटच्या दिवशी मलब्याच्या ढिगात तळहाताएवढा एक तुकडा सापडला. वर तांबडा, आत पांढरा, आणि त्यावर एक रेखीव वळण. तो मी खिशात टाकला. का टाकला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

तो तुकडा कावी कामाचा होता. काव म्हणजे आपला गेरूच. लोहाची तांबडी माती. गोव्यापासून खाली कारवार, होन्नावरपर्यंत आणि वर सिंधुदुर्गात ही नक्षी देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवर दिसते. पेडण्यात मोरजीचं मोरजाईचं देऊळ त्यासाठी प्रसिद्ध आहे. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत शिक्षणाने शास्त्रज्ञ. त्यांनी या किनारपट्टीवरची कावी चित्रं हिंडून, फोटो काढून नोंदवली नसती तर आज आपल्याला या कलेचं नावसुद्धा धड ठाऊक नसतं.

हे भिंतीवर काढलेलं चित्र नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. लोक 'कावी पेंटिंग' म्हणतात, ते मला खटकतं. यात ब्रश जवळजवळ नाहीच. शिंपले भाजून केलेला चुना, धुतलेली नदीची वाळू आणि गूळ एकत्र करून ते मिश्रण काही दिवस मुरवत ठेवायचं, मग पुन्हा पुन्हा कुटायचं. गुळाने चुना लोण्यासारखा फिरतो, हे आजही कोणताही जुना गवंडी सांगेल. या चुन्याचा पांढरा थर भिंतीवर चढवायचा. तो ओला असतानाच काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ तांबडा थर वर द्यायचा आणि घोटायचा. मग लोखंडी सुयांनी, कंपासने आराखडा कोरायचा आणि जिथे पांढरं हवं तिथला तांबडा थर अलगद खरवडून काढायचा. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटून चकाकी आणायची. सगळं भिंत ओली आहे तोवर. चूक झाली तर खोडरबर नाही.

तांबडाच का? याचं उत्तर मला इंजिनिअर म्हणून आवडतं. चुना अतिशय क्षारयुक्त. पानाफुलांचे रंग त्यात मरतात. लोहाचा तांबडा रंग मरत नाही आणि उन्हानेही उडत नाही. शिवाय आपली अर्धी जमीनच त्या रंगाची! चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड बनतो आणि रंग त्या दगडात कैद होतो. सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात ही नक्षी पिढ्यान् पिढ्या टिकली ती यामुळे.

आता ग्राफिक डिझाइनच्या वर्गात जे पहिल्या वर्षाला शिकवतात, ते सगळं या भिंतीवर आहे. दोनच रंग, छटा नाही, सावली नाही. त्यामुळे आकृती आणि पार्श्वभूमी यांत कोण कोण, हा प्रश्न सतत उभा. चांगल्या कारागिराच्या पट्टीत तांबडी वेल पाहावी तर मधल्या पांढऱ्या जागाही तितक्याच घाटदार दिसतात. पुनरावृत्ती आहे : एकच कमळ कमानीभोवती फिरत राहतं. चौकट आहे : खांब, कोनाडा, कंगोरा यांच्या कडेने पट्टी धावते आणि इमारतीची रेषा ठळक करते. आणि सगळ्याच्या मुळाशी वर्तुळ. कंपासची मापं न बदलता परिघावर चालत गेलं की बरोबर सहा पावलांत पहिल्या बिंदूवर येतो, आणि सहा पाकळ्यांचं फूल तयार. गणित न शिकलेल्या हातांनाही ते येतं.

ही कला इथली की पोर्तुगीजांबरोबर आलेली, यावर वाद आहे. युरोपात दोन थरांपैकी वरचा खरवडून नक्षी काढण्याला स्ग्राफितो म्हणतात. वसारीने १५५० च्या आपल्या ग्रंथात त्याची रीत सांगितली आहे, आणि १९व्या शतकात गॉटफ्रीड झेम्परने झुरिकच्या तंत्रशाळेच्या उत्तर भिंतीवर ती पुन्हा जिवंत केली. पोर्तुगालमध्येही ती आहे. तंत्राचं साम्य उघड आहे. पण चुना कुटणं, घोटणं आपल्याकडे जुनंच, आणि दोन थर दिले की खरवडायची बुद्धी कुणालाही होईल. माझं मत विचाराल तर हात इथले, काही आकृत्या येत्या-जात्या. एवढं मात्र खरं की कावी देवळं पेडणे, डिचोलीसारख्या 'नव्या काबिजादीत' भेटतात याला कारण आहे. हे तालुके पोर्तुगीजांकडे १८व्या शतकाच्या उत्तरार्धात आले, तोवर देवळं पाडण्याचा १६व्या शतकातला काळ मागे पडला होता.

जे पोर्तुगीजांच्या काळात वाचलं ते आमच्यासारख्यांनी पाडलं. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. चुना तिला श्वास घेऊ देतो. सिमेंट देत नाही. ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागामागे जमतात आणि गिलावा ढलपी होऊन पडतो. माझा सिमेंटचा गिलावा सहाव्या पावसाळ्यात फुगला. समितीने मग त्यावर टाईल्स लावल्या. त्या बैठकीला मी गेलो नाही.

गेल्या वर्षी तो तुकडा ड्रॉवरमधून काढला. वळणाची जीवा अकरा सेंटिमीटर, मधली उंची एक पूर्णांक दोन. त्यावरून त्रिज्या निघते तेरा पूर्णांक दोन सेंटिमीटर. तेवढा कंपास उघडून कागदावर सहा पाकळ्यांचं फूल काढलं, काव भरली आणि तिथल्या जुन्या भटजींना दाखवायला नेलं. आता त्यांना नीट दिसत नाही. कागद डोळ्यांजवळ धरून ते बराच वेळ पाहत राहिले.

"माप जमलं रे," म्हणाले, "पण पाकळ्या आठ होत्या. लहानपणी आरतीच्या वेळी मी मोजत बसायचो."

आठ म्हणजे कंपासचं नुसतं चालणं पुरत नाही. काटकोनात दोन व्यास घालून कोन दुभागावे लागतात. म्हणजे त्या कारागिराला तेवढी भूमिती येत होती. मी पुन्हा काढून आणतो म्हणालो. नवीन कागदावर काम चालू आहे.