मॅशचे तापमान
मॅशचे तापमान : मोड आणून वाळवलेल्या धान्याचे, म्हणजे माल्टचे, पीठ गरम पाण्यात कालवून ठरावीक उष्णतेत मुरत ठेवण्याला मॅशिंग आणि त्या मिश्रणाला मॅश म्हणतात. या काळात मोडातली विकरे, म्हणजे एंझाइमे, पिठातल्या स्टार्चची साखर व डेक्स्ट्रिन करतात. बिअर करण्याचा हा आरंभीचा टप्पा आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य करता येत नाही. म्हणून येथे आंबवण्याआधीच्या मद्यरहित क्रियेचाच विचार केला आहे. कोकणात वरकस जमिनीवर पिकणाऱ्या नाचणीला मोड आणून तिची पेज लहान मुलांना व आजाऱ्यांना देतात. तिलाही हेच शास्त्र लागू पडते.

जवाच्या माल्टसाठी साधारण ६३ ते ७० अंश सेल्सिअस आणि सुमारे एक तास हा रूढ पल्ला आहे. त्याच्या खालच्या टोकाला बीटा-अमायलेज हे विकर जोमाने काम करते आणि साखर अधिक सुटते. वरच्या टोकाला अल्फा-अमायलेज हे दुसरे विकर टिकून राहते, बीटा लवकर निकामी होते आणि डेक्स्ट्रिने जास्त उरतात. म्हणजे चार-पाच अंशांच्या फरकाने पदार्थ बदलतो. पण यातली मुख्य गोष्ट अशी की एकदा मेलेले विकर तापमान उतरल्यावर परत जिवंत होत नाही, थंडावलेले मात्र पुन्हा ऊब मिळताच कामाला लागते. त्यामुळे थोडे कमी तापमान सुधारता येते, जास्त झालेले नाही. म्हणून घरी तापमान राखण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे ते आधी हिशेबाने गाठावे आणि मग विस्तव बंद करून टिकवावे.

हा हिशेब हेदवीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात सोपा होतो. गुहागर तालुक्यातले हे गाव समुद्रकाठी असल्याने तिथे खळखळ उकळणारे पाणी १०० अंशांच्या अगदी जवळ असते. महाबळेश्वरच्या उंचीवर ते सुमारे ९५–९६ अंशांनाच उकळते. ३० अंशांचे आणि १०० अंशांचे पाणी समभाग मिसळले, तर मिश्रण ६५ अंशांचे होते. पिठाला पाण्याच्या मानाने निम्म्याहून कमी उष्णता लागते. म्हणून ३० अंशांचे १ किलो पीठ ३ लिटर पाण्यात घालून ६७ अंश हवे असतील, तर पाणी सुमारे ७२ अंशांचे घ्यावे. भांडे आधी गरम पाण्याने विसळून घेतले नाही, तर त्यातून एक-दोन अंश सहज जातात. हवाही इथे मदत करते : ३० अंशांच्या खोलीत ६५ अंशांच्या मॅशला ३५ अंशांचा फरक सोसावा लागतो, ५ अंशांच्या खोलीत ६० अंशांचा. उष्णता सुटण्याचा वेग या फरकाच्या प्रमाणात असतो.

मंद आचेवर भांडे ठेवून ढवळत राहिल्यास काय बिघडते, असा आक्षेप घेता येईल. पातळ पाण्यापुरता तो रास्त आहे. पण मॅश घट्ट असतो. तळाचा थर वरच्यापेक्षा फार गरम होतो, करपतो आणि त्यातली विकरे मरतात, तर वर खुपसलेला थर्मामीटर योग्य आकडा दाखवत राहतो. घट्ट झाकणाचे भांडे गोधडीत गुंडाळून ठेवणे किंवा मासळीसाठी वापरतात तशा, पण स्वच्छ व वेगळ्या राखलेल्या थर्माकोलच्या पेटीत ठेवणे यापेक्षा सरस ठरते. तीन-चार लिटरपेक्षा अर्धा लिटर मॅश लवकर निवतो, म्हणून लहान मापाला थर्मास बरा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : नाचणीच्या स्टार्चला फुलायला जवापेक्षा अधिक उष्णता लागते, आणि त्या उष्णतेत बीटा-अमायलेज तग धरत नाही. मग एकच तापमान राखून कसे भागेल? भागत नाहीच, म्हणून काम दोन टप्प्यांत करावे. साध्या नाचणीच्या पिठाची घट्ट पेज पूर्ण शिजवावी, ती ६५ ते ७० अंशांवर उतरू द्यावी आणि मगच त्यात थोडे मोडाचे पीठ कालवावे. डाव उभा धरणारी पेज काही मिनिटांत पातळ होऊन पळीवरून ओघळू लागते. कढत पेजेत हेच पीठ टाकले तर ती घट्टच राहते. अमायलेजयुक्त बालआहाराची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे : पेज पातळ झाली की पाणी न वाढवता बाळाच्या पोटात अधिक धान्य जाते. मोडाची नाचणी दळण्याआधी खमंग भाजली, तर विकरे कढईतच संपतात. तिला कडक ऊन किंवा अगदी हलका शेक पुरे.

मॅश ५० अंशांखाली रेंगाळला, तर आंबवणारे जिवाणू वाढू शकतात. आंबिलीत आंबटपणा मुद्दाम हवा असतो, बाळाच्या पेजेत नको. म्हणून पेज पातळ होताच ती एक उकळी देऊन ताजीच वापरावी. काम झाले की नाही हे पाहायला थंड केलेला एक थेंब पांढऱ्या बशीत वेगळा घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाकावे : निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे. हा थेंब फेकून द्यावा, भांड्यात परत टाकू नये.