अ‍ॅव्हरेजचा आकडा आणि दाजींचा गुडघा

आमच्या दाजींचा डावा गुडघा गेली तीन वर्षं कुरकुरतोय. निवृत्त शिक्षक आहेत, आणि गाडी स्वतः चालवायची हौस दांडगी. संध्याकाळी सहाच्या गर्दीत तावडे हॉटेलपासून कावळा नाक्यावरून दाभोळकर कॉर्नरपर्यंत यायचं तर क्लच किती वेळा दाबावा लागतो, हे ज्यानं चालवलंय त्यालाच माहीत. डॉक्टर म्हणाले, क्लच बंद करा. आक्का म्हणाली, ऑटोमॅटिक घेऊया. दाजी म्हणाले, "नगं. लई पेट्रोल पिती ती."

झालं, विषय संपला. तीन वर्षं संपलेलाच होता.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. गॅरेजवाला म्हणतो, पंपावरचा पोरगा म्हणतो, ज्याच्याकडं सायकलसुद्धा नाही तोही म्हणतो. आणि ते खोटं नव्हतं बरं का. फक्त ते कुठल्या सालचं आहे, हे कुणी बघितलं नाही.

अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स आणला. क्लचचं पेडलच नाही. पुढं टॉर्क कन्व्हर्टर रूढ झाला. त्याचं काम समजायला सोपं आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक चालू करा, दुसरा वाऱ्यानं फिरायला लागतो. इथं वाऱ्याऐवजी तेल असतं. पण दुसरा पंखा पहिल्याइतका कधीच फिरत नाही. मधली ताकद तेल तापवण्यात जाते, आणि ते तेल तापतं तुमच्या पेट्रोलच्या पैशानं. अमेरिकेत तेव्हा पेट्रोल स्वस्त, इंजिनं अवाढव्य. १९७३ ची अरब तेलबंदी येईपर्यंत कुणाला फारसं जाणवलं नाही.

आपल्याकडं गणित उलटं. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, इंजिन ७९६ सीसी. एवढ्याशा इंजिनाची ताकद तेलात घालवणं परवडणार कुणाला? तरी १९९३ ला आलेल्या मारुती झेनची पुढं ऑटोमॅटिक निघाली. साध्या झेनला पाच गिअर, हिला तीन. हायवेला ऐंशीच्या वर गेलं की इंजिन ओरडतंय, पण वर टाकायला गिअरच नाही. दाजींचं वाक्य या गाडीचं आहे. त्या काळापुरतं ते शंभर टक्के खरं.

पण गंमत बघा. हेच भांडण महाराष्ट्रात आधी एकदा होऊन गेलंय, आणि आपण ते विसरलोय.

१९७२ पासून आकुर्डीच्या बजाजची चेतक घराघरात होती. हातात क्लच, मुठीत गिअर. १९८४ ला पुण्याच्या फिरोदियांनी जपानच्या होंडाशी हात मिळवून कायनेटिक होंडा आणली. बटण दाबलं की चालू, गिअर नाहीच. बेल्टवर चालणारी ही यंत्रणा आपली आपण वेग जुळवायची. तेव्हाही लोक हेच म्हणाले, पेट्रोल पिते. आणि अ‍ॅव्हरेजमध्ये ती चेतकसमोर खरंच कमी पडायची. पण ज्या बायका चेतकवर कायम मागं बसत होत्या, त्या या गाडीवर पुढं बसल्या. बँकेतल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या. २००० च्या सुमारास अ‍ॅक्टिव्हा आली आणि पुढच्या दहाएक वर्षांत बजाजनं स्कूटर बनवणंच बंद केलं. आज महाद्वार रोडला उभं राहून बघा, गिअरची स्कूटर दिसली तर मला कळवा. अ‍ॅव्हरेजवर हरलेली गाडी रस्त्यावर जिंकली. दाजींच्या स्वतःच्या दारात बिनगिअरची स्कूटर उभी आहे. ती पेट्रोल किती पिते, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही.

चारचाकीत ही पाळी आली फेब्रुवारी २०१४ ला. मारुतीनं सेलेरिओ आणली आणि तिच्याबरोबर एएमटी. हिच्यात ना टॉर्क कन्व्हर्टर, ना बेल्ट. गिअरबॉक्स तोच मॅन्युअलचा, क्लच प्लेट तीच. फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम एक छोटी यंत्रणा करते, आणि कधी करायचं ते कॉम्प्युटर सांगतो. (मॅन्युअलचेच गिअर यंत्रानं बदलायची कल्पना तशी जुनी. दसऱ्याला आपल्या दसरा चौकात संस्थानची जी मेबॅक निघते, त्या जर्मन कंपनीनं १९३० च्या दशकातच इंजिनाच्या व्हॅक्यूमवर गिअर बदलणारे गिअरबॉक्स काढले होते. ते राजेरजवाड्यांसाठी. आपल्यापर्यंत यायला ऐंशी वर्षं लागली.)

त्या सेलेरिओचा जाहीर आकडा होता लिटरला २३.१ किलोमीटर. मॅन्युअलला २३.१ आणि एएमटीलाही २३.१. पुढच्या वर्षी टाटांच्या नॅनोला एएमटी लागली. तिथं मॅन्युअल २३.६ आणि एएमटी २१.९, म्हणजे मॅन्युअल पुढं. नंतर मात्र काटा फिरला. २०२१ च्या नव्या सेलेरिओत एएमटीचा वरचा आकडा २६.६८, मॅन्युअलचा २५.२४. २०२२ च्या अल्टो के१० मध्ये एएमटी २४.९०, मॅन्युअल २४.३९. कागदावर ऑटोमॅटिक चक्क जास्त देते.

दाजींना हे दाखवलं तर म्हणाले, "कागद रे. कागदावर आमच्या शाळेचा निकालसुद्धा शंभर टक्के असायचा."

या माणसाला उत्तर द्यायचं तर कागद तयार कसा होतो तेच बघायला लागतं. १९६६ पासून पुण्यात एआरएआय ही संस्था आहे, वाहनांच्या चाचण्या करणारी. जाहिरातीतला आकडा हा अशाच सरकारमान्य चाचणीचा असतो. गाडी रस्त्यावर जात नाही. रोलरवर उभी राहते, चाकं जागच्या जागी फिरतात. चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटंसुद्धा नाही. अंतर साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर, कमाल वेग ताशी ९०. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, समोरून उसाचा ट्रॅक्टर नाही. पेट्रोलसुद्धा टाकीत मोजत नाहीत. सायलेन्सरमधून निघालेल्या धुरातला कार्बन मोजतात आणि त्यावरून किती पेट्रोल जळलं ते काढतात. मुळात ही चाचणी प्रदूषण मोजायची. तुमच्या खिशाचा हिशोब ही तिची पैदास आहे, हेतू नव्हे.

आता त्यातली मेख. आपली चाचणी युरोपच्या जुन्या चाचणीवर बेतलेली. त्या युरोपियन चाचणीत मॅन्युअल गाडीचा गिअर कधी बदलायचा हे तक्त्यात बांधलेलं होतं. १५ च्या वेगाला दुसरा, ३५ ला तिसरा. ड्रायव्हरला अक्कल चालवायला वावच नाही. ऑटोमॅटिकला हा तक्ता लागू नव्हता. तिचा कॉम्प्युटर वाटेल तेव्हा वरचा गिअर टाकू शकतो, आणि तो लवकर टाकतो, कारण त्याला तसंच शिकवलेलं असतं. कागदावर एएमटी पुढं जाण्याचं एक कारण इथं सापडतं. लबाडी म्हणता येणार नाही. पण रस्त्यावर तुमच्याशी स्पर्धा करून मिळवलेला तो विजयही नव्हे.

मग रस्त्यावर काय होतं? माझं मत विचाराल तर, छोट्या गाडीत एएमटी आणि मॅन्युअल यांच्यातला फरक दोन ड्रायव्हरांमधल्या फरकापेक्षा लहान आहे. अर्ध्या क्लचवर चढाला गाडी धरून ठेवणारा, चौथ्यात जायची गाडी तिसऱ्यात रेटणारा, सिग्नल सुटला की कुस्तीला उतरल्यासारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबणारा माणूस कुठल्याही मॅन्युअलचं वाटोळं करू शकतो. एएमटी निदान रोज सारखीच वागते. शांत हाताचा मुरलेला ड्रायव्हर मात्र तिला मागं टाकेल, कारण पुढचा चढ त्याला दिसतो, कॉम्प्युटरला दिसत नाही. (सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरचा हिशोब वेगळा. आजच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वेग धरला की तेलाला बगल देऊन थेट जोडणी होते, झेनच्या काळातली चैन आता उरलेली नाही.)

सवयींवरून एक सांगतो. पन्हाळ्यावरून वाघबिळाकडं उतरताना आपल्याकडं न्यूट्रल मारायची पद्धत आहे. वडिलांनी शिकवलं, आपण शिकलो. कार्बोरेटरच्या काळात त्यानं पेट्रोल वाचायचं हे खरं. पण २००० च्या आसपास छोट्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकलं तर इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे पंचवीस वर्षं आपण घाटात ब्रेक तापवून, जीव धोक्यात घालून जास्तीचं पेट्रोल जाळतोय. आणि वर म्हणतोय, ऑटोमॅटिक पिते.

तशात आता इथेनॉल. आपल्याच उसाचं, त्यामुळं कोल्हापुरात याच्यावर फार बोलायची पद्धत नाही. पण इथेनॉलच्या लिटरमध्ये उष्णता पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, १० टक्के मिश्रणासाठी बसवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी कमी होऊ शकतं, नव्या घडणीच्या गाडीचं १ ते २ टक्क्यांनी. आणि अल्टोच्या कागदावर मॅन्युअल-एएमटीतला फरक किती? दोन टक्के. कट्ट्यावर रात्र-रात्र भांडतोय कशावर, आणि खिसा हलका होतोय कशानं, बघा.

जाहीर आकडा फसवा निघणं नवीन नाही. अमेरिकेत ह्युंदाई आणि कियाला २०१२ मध्ये कबूल करावं लागलं की आकडे फुगवले होते. दोन वर्षांनी १० कोटी डॉलरचा दंड बसला. २०१६ ला जपानच्या मित्सुबिशीनं सव्वासहा लाख छोट्या गाड्यांच्या चाचणीत फेरफार केल्याची कबुली दिली. आपल्याकडं त्रिशूरच्या ग्राहक न्यायालयानं २०२२ मध्ये एका डिझेल गाडीच्या मालकिणीला तीन लाखांवर भरपाई देवविली. जाहिरातीत लिटरला ३२ किलोमीटर, प्रत्यक्ष तपासणीत १९.६. बाईंनी नुसती तक्रार करून सोडून दिली नाही, तपासणी करून घेतली.

युरोपात २०२१ पासून नव्या गाडीला खरं इंधन नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती आकडेवारी गोळा करून युरोपियन आयोगानं २०२४ मध्ये जाहीर केली. पेट्रोल गाड्या नव्या, कडक चाचणीपेक्षाही रस्त्यावर सरासरी २३.७ टक्के जास्त पितात. हे सरकारनं सांगितलं, कंपनीनं नाही, कट्ट्यानं नाही. आपल्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरही आज अ‍ॅव्हरेज दिसतं, म्हणजे मोजणी होतेच. लोकांसमोर ती का ठेवायची नाही? या शहरानं एन. डी. पाटील सरांच्या आणि पानसरे अण्णांच्या मागं उभं राहून टोल घालवला. टोल दिसतो, पावती मिळते, म्हणून राग येतो. लिटरमागं हरवलेल्या पाच किलोमीटरची पावती कुणी देत नाही.

शेवटी दाजींसमोर वही घेऊन बसलो. महिन्याला ६०० किलोमीटर फिरतात, वर्षाला ७२००. अगदी त्यांच्या मनासारखं धरलं. मॅन्युअल १८ देते, एएमटी १७. चारशे लिटर विरुद्ध चारशे चोवीस. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाला अडीच हजार, महिन्याला दोनशे. उलट धरलं, एएमटी एक किलोमीटर जास्त देते, तरी तेवढेच. म्हणजे शोरूममध्ये एएमटीसाठी जे पन्नासेक हजार जास्त मोजायचे, ते पेट्रोलमधून वसूल करायला वीस वर्षं. खरा खर्च तो आहे. पेट्रोलच्या बाजूनं बघितलं तर ऑटोमॅटिक घ्यायलाही कारण नाही आणि न घ्यायलाही नाही.

दाजी वहीकडं बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "महिन्याला दोनशे? दोनशेची तर मी गुडघ्याला मलमं लावतोय."

गाडी दिवाळीआधी आली. कालनिर्णयच्या मागच्या पानावर टाकी फुल केल्याची तारीख, किलोमीटर आणि लिटर लिहिणं सुरू झालंय. पंप एकच, पहिल्या कटला थांबायचं, पुढं चार थेंबसुद्धा ओतायचे नाहीत, हे नियम त्यांनीच घातले. परवा पन्हाळ्यावरून उतरताना मी मागच्या सीटवर होतो. पहिलं वळण झालं आणि दाजींचा डावा हात सवयीनं न्यूट्रलकडं गेला.

आक्का म्हणाली, "हात काढा तिथनं."