कुत्र्याच्या पिलाची किंमत : घासाघिशीत नेमके काय कमी होते?

समाजमाध्यमावर लॅब्रॅडॉरच्या पिलांची जाहिरात झळकते, तेव्हा तीत छायाचित्र असते, वय असते, दूरध्वनी क्रमांक असतो. किंमत मात्र बहुधा नसते. ग्राहक विचारतो, ‘लास्ट प्राइस काय?’ विक्रेता उलट विचारतो, ‘कागदासह हवे की कागदाविना?’ देशातील श्वानविक्रीचे अनेक व्यवहार या दोन प्रश्नांच्या आतच आटोपतात. एकाच जातीचे पिल्लू एका ठिकाणी काही हजारांत आणि दुसऱ्या ठिकाणी लाखाच्या घरात का जाते, याचे उत्तर मात्र या दोन्ही प्रश्नांत नाही. ते पिलाच्या आईकडे आहे.

मादी साधारण सहा ते आठ महिन्यांनी माजावर येते. गाभण काळ सुमारे 63 दिवसांचा असतो. केंद्र सरकारने 2017मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली श्वानपैदास आणि विक्रीविषयक नियम अधिसूचित केले. त्यांनुसार 18 महिने पूर्ण होण्यापूर्वी मादीकडून पैदास करून घेता येत नाही, वर्षाला एकापेक्षा अधिक वेत घेता येत नाही, आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत आणि आठ वर्षांनंतर तिला निवृत्ती द्यावी लागते. नियम पाळणारा ब्रीडर मादीला वर्षभर पोसतो, तिची तपासणी आणि लसीकरण करतो आणि हा सगळा खर्च एकाच वेतातील पिलांवर वाटतो. प्रत्येक माजाला नर लावणाऱ्याच्या हाती त्याच काळात जवळपास दुप्पट पिल्ले येतात. म्हणूनच त्याला निम्म्या भावात विकणे परवडते. स्वस्त पिलाची किंमत ग्राहकाने कमी केलेली नसते. ती मादीने आधीच चुकती केलेली असते.

दुसरी बचत वयात होते. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास हेच नियम मनाई करतात. तरीही तीस-पस्तीस दिवसांच्या पिलांच्या जाहिराती सर्रास दिसतात, आणि त्याचा दोष केवळ विक्रेत्यावर टाकणे अन्यायाचे होईल. मुठीत मावणारे पिल्लू हवे, हा आग्रह ग्राहकाचाच असतो. दूध तुटल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत पिलांचे खाणे झपाट्याने वाढते, जंतनाशकाच्या मात्रा द्याव्या लागतात आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस येते. पस्तिसाव्या दिवशी पिल्लू विकणाऱ्याचा हा सर्व खर्च वाचतो. याच आठवड्यांत पिल्लू आई-भावंडांशी खेळताना दाताचा जोर आवरायला शिकते. घरी आणलेले पिल्लू चावरे निघाले अशी तक्रार पुढे सहा महिन्यांनी पशुवैद्यकाकडे येते, तेव्हा तिचा संबंध खरेदीच्या दिवसाशी जोडण्याचे कोणाला सुचत नाही.

आता कागदांविषयी. बाजारात ‘कागद’ म्हणजे चेन्नई येथे मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे वंशावळ-प्रमाणपत्र. आई आणि बाप दोघांचीही नोंदणी असेल तरच पिलांची नोंदणी होते. मायक्रोचिप बसवलेली असल्यास तिचा 15 आकडी क्रमांक प्रमाणपत्राशी पडताळून पाहता येतो. नोंदणीचे शुल्क पिलाच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ असते. तेव्हा ‘कागद नको असतील तर इतके हजार कमी’ हा प्रस्ताव ऐकल्यावर थोडे थांबावे. वाचलेली रक्कम शुल्काच्या कितीतरी पट असेल, तर आई-बापांपैकी एकाची नोंदणीच नाही किंवा हे वेत नोंदवण्याजोगेच नाही, अशी शंका रास्त ठरते. मात्र कागद म्हणजे आरोग्याची हमी नव्हे. त्यात पूर्वज कोण हे कळते, त्यांचे सांधे कसे होते हे नाही. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो. आई-बापांच्या क्ष-किरण तपासणीचा अहवाल मागणारा ग्राहक विरळा, आणि तो दाखवणारा ब्रीडर अधिक भाव सांगत असेल तर तो भाव समजण्यासारखा आहे. ‘परदेशी वंशावळ’ या शब्दांवरही किंमत चढते. व्यापारी पैदाशीसाठी कुत्रे आयात करण्यावर विदेश व्यापार महासंचालनालयाने एप्रिल 2016मध्ये निर्बंध घातले. त्यानंतर आणलेल्या कुत्र्याचा दावा असेल तर आयातीचे कागद पाहिल्याविना तो मान्य करू नये.

किमतीत लहरीचा वाटाही मोठा आहे. 2003च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला आणि त्या जातीची मागणी देशभर वाढली. चपट्या नाकाच्या या कुत्र्यांना उन्हाळ्यात श्वास घेणे जड जाते. पुढील कित्येक वर्षांची पशुवैद्यकांची बिले त्या जाहिरातीत नव्हती. बहुतेक जातींत नराला मादीपेक्षा अधिक भाव मिळतो, कारण माजाची कटकट कुटुंबांना नको असते. उलट देशी जाती दर्जाच्या मानाने स्वस्त राहिल्या आहेत. राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड या जातींची नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन संस्थेने केली आहे. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्रही आहे. मुधोळशी जवळचे नाते असलेला कारवानी कुत्रा सोलापूर-लातूर पट्ट्यातील शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. शहरी ग्राहकाला मात्र तो ‘गावठी’ वाटतो.

घासाघीस करूच नये असे नाही. वय वाढलेल्या पिलाला मागणी घटते, आणि आठ आठवडे उलटून गेलेले, लसीकरण झालेले पिल्लू रास्त सवलतीत मिळू शकते. जाणकार ग्राहक तेच शोधतात. प्रदर्शनात उतरवण्याइतकी ठेवण नसलेले पण निरोगी पिल्लूही ब्रीडर स्वस्तात देतो. भाव कमी करताना लस, मायक्रोचिप किंवा पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र वगळण्याची तयारी दाखवली जात असेल, तर तो सौदा नव्हे. प्रत्यक्ष जाऊन मादीला पाहण्याचा आग्रह धरावा. मादी ‘गावी ठेवली आहे’ असे उत्तर आले, तर समोरचा ब्रीडर नसून मध्यस्थ असण्याचा संभव अधिक.

इसाराची रक्कम हा वादाचा आणखी एक विषय. पिल्ले जन्मण्याआधीच इसार घेण्याची पद्धत चांगल्या ब्रीडरांमध्येही आहे आणि ती गैर नाही. मात्र पिल्लू दगावल्यास रक्कम परत की पुढच्या वेतातील पिल्लू, हे लिहून घ्यावे. छायाचित्रावर विसंबून आगाऊ रक्कम, मग वाहतूक खर्च, मग ‘विमा’ अशी मागणी वाढत गेली, तर ती फसवणूकच समजावी.

लेखी पावतीचे महत्त्व पार्व्होच्या आजारात कळते. या विषाणूची लक्षणे संसर्गानंतर सहसा तीन ते सात दिवसांत दिसतात. म्हणजे खरेदीच्या दिवशी खेळणारे पिल्लू तिसऱ्या दिवशी उलट्या-जुलाबाने गळून पडते, तेव्हा लागण बहुधा विक्रेत्याच्या आवारातच झालेली असते. पावतीवर ब्रीडरचा नोंदणी क्रमांक, पिलाची जन्मतारीख, दिलेल्या लसीचा तपशील आणि मोजलेली पूर्ण रक्कम हवी. रोखीचा भाग वगळून केलेली पावती नंतर ग्राहकाच्याच अंगलट येते. नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे करायची असते, पण अनेक राज्यांत या यंत्रणेला उशीर झाल्याने क्रमांक नसलेले ब्रीडरही पुष्कळ आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करू शकतो, विक्रेता दुसऱ्या राज्यातील असला तरीही. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क पडत नाही.