नादारीत नवरा आणि पोटगीची बाई

नवऱ्याने कोर्टात नादारीचा अर्ज टाकला की वस्तीतली माणसं बाईला सांगतात, "आता पोटगी विसर, त्याचं दिवाळं निघालं." आम्ही हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्याचा इतिहास तपासणं भाग पडलं.

ब्रिटिशांनी नादारीचे दोन कायदे केले. 1909 चा मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी आणि 1920 चा बाकी मुलुखासाठी. माणूस नादार ठरला की त्याची मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते, ती विकून सावकारांना वाटली जाते आणि शेवटी मुक्तीचा आदेश मिळाला की उरलेली बहुतेक देणी पुसली जातात. पण काही देणी पुसली जात नाहीत. त्या छोट्या यादीत फौजदारी संहितेच्या कलम 488 खालची पोटगी आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या वसाहती कायद्यातही नादारीने पोटगी बुडत नव्हती. वस्तीतलं ते वाक्य तेव्हाही खोटं होतं.

मग मेख कुठे होती? 488 ची पोटगी 'पत्नी'ला होती. काडीमोड झाली की बाई पत्नी राहत नाही आणि न्यायदंडाधिकाऱ्याचा तो आदेशही तिच्या हातून जातो. काडीमोड आमच्या जातींत पूर्वापार होती. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत बाबासाहेबांनी हेच दाखवलं होतं, की शूद्र जातींत घटस्फोटाची रूढी आहेच आणि विरोध करणारे वरच्या जातींची रीत साऱ्या समाजावर लादत आहेत. बिल अडवलं गेलं, बाबासाहेबांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. त्यातले तुकडे पुढे वेगवेगळ्या कायद्यांतून आले. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आला (हा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे) आणि कलम 25 ची कायम पोटगीही आली.

या कलम 25 मध्ये एक तरतूद आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गरज असल्यास कोर्ट पोटगीसाठी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा चढवू शकतं. नादारीच्या अर्जाआधी हा बोजा चढला असेल, तर बाई रिकाम्या हाताने रांगेत उभी राहत नाही. पण किती बायकांचे वकील हे मागतात? आमच्या पाहण्यातले तरी फारच थोडे. दुसरीकडे 1909 आणि 1920 च्या यादीत कलम 25 चं नाव नाही. ती यादी आधीची. तिथे नवऱ्याच्या वकिलाला वाद घालायला जागा मिळते.

1973 च्या नव्या फौजदारी संहितेने यातली मोठी भेग बुजवली. कलम 125 मध्ये 'पत्नी' शब्दात घटस्फोटित, पुनर्विवाह न केलेली स्त्रीही आली. महिना 500 रुपयांची मर्यादा मात्र 2001 पर्यंत कायम होती. पाचशेत काय येतं, ते भाडं भरणाऱ्या बाईला विचारा. आज तेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 म्हणून आहे.

2016 च्या दिवाळखोरी संहितेने कोणत्याही कायद्याखालची पोटगी न पुसली जाणाऱ्या देण्यांत धरली. पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग 2019 मध्ये फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी सुरू झाला. छोटा दुकानदार, रिक्षावाला, कारखान्यातला कामगार आजही 1909 आणि 1920 मध्येच अडकलेला आहे. मोठ्या जामीनदाराच्या बायकोला नवा कायदा आणि आमच्या बहिणीला जुना!

डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पोटगीच्या प्रकरणात सांगितलं, की थकलेल्या पोटगीचा हक्क नवऱ्याच्या मालमत्तेवर तारण असलेल्या सावकारांच्याही आधीचा आहे. हा आदेश घेऊन वकिलाकडे जा. सोबत नवऱ्याच्या उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्रही मागा. 2020 पासून पोटगीच्या दाव्यात ते द्यावंच लागतं. नादारीच्या कोर्टात त्याने दाखवलेली यादी आणि पोटगीच्या कोर्टातलं शपथपत्र शेजारी ठेवून वाचा.