रेस देणाऱ्या पायाची कुळकथा

समुद्रपूर तालुक्यातल्या जामला नागपूर-हैदराबाद महामार्गापासून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. समजा, नागपूरकडून आलेली गाडी तिथल्या वळणासाठी वेग कमी करते आहे. चौथ्या गिअरमध्ये तिचे इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत होते आणि तिसऱ्याचे गुणोत्तर चौथ्याच्या दीडपट आहे. मग त्याच वेगाला तिसऱ्यात 3000 फेरे लागणार. मधले हजार फेरे कोणी भरून काढायचे? डबल क्लच, स्पोर्ट्‌स कारमधले हील-अँड-टो आणि आता संगणकाने आपोआप केलेले रेव्ह-मॅचिंग, ही तिन्ही या प्रश्नाची उत्तरे आहेत. म्हणून त्यांना सर्रास एकाच वंशाचे मानतात. माझ्या मते इथेच गफलत होते. फरक एक असला तरी तो दोन ठिकाणी भरावा लागतो, आणि त्या दोन जागांची कुळे वेगळी आहेत.

पहिली जागा गिअरबॉक्सच्या पोटात. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्या काळातल्या जड गाड्यांत सिंक्रोमेश सहसा नसे. फिरणारे दाते सारख्या वेगाने आले नाहीत की गिअर कर्रकन ओरडायचा आणि पडायचाच नाही. म्हणून चालक क्लच दाबून न्यूट्रल करी, क्लच सोडून रेस देई, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकी. किती रेस द्यायची हे कान सांगायचा. डबल क्लचची ही कसरत दाते वाचवण्यासाठी होती. तिच्यावरचा यांत्रिक तोडगा तोवर जुना झाला होता: अर्ल थॉम्पसन यांनी शोधलेला सिंक्रोमेश कॅडिलॅकने 1928 मध्येच बाजारात आणला होता. त्यातले शंकू एकमेकांवर घासून दात्यांचे वेग जुळवतात. तो जसजसा सगळ्या गाड्यांत पोचला, तसतशी डबल क्लचची गरज ओसरली.

मग हील-अँड-टो का उरले? कारण सिंक्रोमेश दाते जुळवतो, इंजिन नाही. दुसरी जागा हीच. गिअर अलगद पडतो, पण क्लच सोडताच मंद फिरणाऱ्या इंजिनाला चाके ओढून वर नेतात. घरच्या गाडीत त्याचा गचका बसतो, इतकेच. शर्यतीत मात्र ब्रेकमुळे वजन पुढे गेलेले असते, हलक्या झालेल्या मागच्या चाकांवर हा ओढा पडतो आणि टायर घसरतात. ब्रेक सोडता येत नाही, रेस तर द्यायची आहे, म्हणून उजव्या पायालाच दोन पेडल सांभाळावी लागली. मासेराटी 250 एफसारख्या गाड्यांत ॲक्सिलरेटर ब्रेक आणि क्लचच्या मधोमध होता, तरी पायाचे काम हेच. चाकणला तयार होणाऱ्या डॉमिनार 400 या बजाजच्या मोटारसायकलला 2016 मध्ये स्लिपर क्लच मिळाला तोही याच दुखण्यावर: तिथे क्लचच थोडा सरकतो आणि मागच्या चाकाला जाणारा झटका गिळतो. इतक्या वेगळ्या यंत्राने तेच दुखणे हाताळावे, हा मला दुसऱ्या कुळाचा सर्वांत स्पष्ट पुरावा वाटतो.

निस्सानने 370 झेडच्या 2009 च्या मॉडेलमध्ये पायाचे हे काम संगणकाकडे दिले. दांडी कुठल्या गिअरकडे निघाली हे सेन्सर ओळखतो आणि संगणक थ्रॉटल उघडून हवी तेवढी रेस देतो. यावर मोठा आक्षेप असा की चालकाची कलाच गेली. आक्षेप पोकळ नाही. पाय आणि कान यांचा मेळ बसायला वर्षे लागतात, आणि त्या मेळात खरा आनंद आहे. पण शर्यतीच्या जगातूनच कौशल्याचा मान मोजायचा, तर फेरारीने 1989 मध्ये सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची 640 उतरवली आणि नायजेल मॅन्सेल यांनी तिच्या पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, विजय मिळवला. तिथे चालकाचे कसब संपले नाही. ते ब्रेक कधी आणि किती, याकडे वळले. दुसरा आक्षेप, की यंत्रावर विसंबलेल्याला जुनी गाडी हाती आली तर चालवता येणार नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच शिकणाऱ्याने आधी पायाने शिकावे असे मला वाटते. निस्साननेही ही सोय बंद करण्याचे बटण ठेवले होते. शिवाय संगणक फक्त फेरे जुळवतो. जामच्या वळणावर कापसाने भरलेल्या ट्रकला दुसरा गिअर लागेल आणि रिकाम्याला तिसरा पुरेल, हे दांडी हलण्याआधी ठरलेले असावे लागते.